उशिरा आलेलं ‘नाही’

४ जानेवारी

ठिणगीबाई,

आशीर्वाद शेवटी. आधी राग घे.

तुझ्या भाच्याने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, माझा आवाज बिघडवून ठेवलाय. डॉक्टरने घशातलं स्वरयंत्र काढलं तेव्हा मी कुरकुर केली नाही, कारण ते राहिलं असतं तर मीच गेलो असतो. नंतर तू तुझ्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीतला जुना लॅपटॉप धाडलास, त्यात टाइप केलेलं मोठ्याने बोलणारा प्रोग्राम घातलास, आणि मी पुन्हा माणसात आलो. भोंगा म्हणतो मी त्याला. आवाज रडका आहे, ‘ळ’ तर त्याला जन्मात जमणार नाही, पण बोलायचा झटपट. मी शेवटचं अक्षर मारलं की याचं तोंड उघडलंच.

आता ऐक. चिरंजीव सुट्टीला आले. आल्या आल्या म्हणे, “बाबा, ही सिस्टिम फार जुनी झाली, हिला आता सुरक्षा मिळत नाही. अपग्रेड करून देतो.” मी नको म्हणालो. पण आजकाल माझं ‘नको’ कोण विचारात घेतो? दिवसभर ते यंत्र घुरघुरत पडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी गाडीत बसून गेली. तेव्हापासून भोंगा म्हणजे नुसता ठोकळा. चालू करून मी आंघोळ उरकतो, चहा घेतो, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच. अक्षर मारावं तर ते सावकाश उगवतं, आणि बोलणं त्याहून सावकाश.

परवा काय झालं ते सांगतो म्हणजे तुझंही डोकं फिरेल. जेवायला बसलो होतो. चिरंजीव फोनच्या स्पीकरवर. ते म्हणाले, “आई, आता ते घर बंद करा आणि इकडे या. आमच्याच इमारतीत खालचा फ्लॅट रिकामा आहे.” मी तत्काळ टाइप केलं, ‘नाही’. चक्र फिरायला लागलं. तुझी वहिनी म्हणाली, “मग ठरलं ना?” मी पुन्हा मारलं, ‘मुळीच नाही’. चक्र फिरतंय. चिरंजीव म्हणतात, “बाबा काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नसावी.” झालं! फोन ठेवला, ताटं उचलली, टेबल पुसलं. मी त्या चक्राकडे बघत बसलेलो. थोड्या वेळाने गळका नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, पान्हा काढून वाकला, आणि भोंगा त्याच्या अंगावर ओरडला, “नाही! मुळीच नाही!” बिचारा पान्हा पिशवीत टाकून निघून गेला. नळ अजून गळतोय.

उभा जन्म मी फुलबाजारात लिलाव पुकारले. गुलाबाची शेवटची जुडी असो की गाडीभर झेंडू, तीनदा ‘आणखी कोणी?’ विचारल्याशिवाय हातोडी आपटली नाही. कोपऱ्यातलं मुकं गिऱ्हाईक बोट वर करेल म्हणून त्याच्याकडेही बघायचो. आणि माझ्याच घरात माझाच लिलाव झाला, एकदाही विचारलं नाही!

पाटीवर लिही, असं म्हणू नकोस. लिहून बघितलंय. आवाज आला की माणसं वळतात, पाटी वाचायला कोणी मान वर करत नाही. मोबाइलवर माझी जाडी बोटं एका वेळी तीन अक्षरं दाबतात. म्हणून पेन हातात घेतलंय. याला ताळ्यावर कसं आणायचं ते लवकर लिही. मी हे घर सोडणार नाही, आणि ते मला वेळेवर सांगता आलं पाहिजे.

तुझा,
दादा


११ जानेवारी

दादा,

राग पोचला. प्लंबरचं वाचून हसले, त्याबद्दल वाटल्यास आणखी राग धर.

लॅपटॉप म्हातारा आहे हे खरं, पण एवढा निकामी नाही. अपग्रेडनंतर सुरुवातीला यंत्र आपल्या सगळ्या फायली नव्याने लावून घेतं. घर बदलल्यावर खोकी उघडावी लागतात ना, तसंच. तेवढे दिवस ते हळू चालणार. पण तुझ्याकडे ते दिवस कधीच उलटून गेलेत, म्हणजे दुसरं काहीतरी त्याच्या मानगुटीवर बसलंय.

पहिली गोष्ट. तू झाकण मिटतोस आणि म्हणतोस, बंद केला. तो बंद होत नाही, नुसता डुलकी काढतो. मेनूत जाऊन ‘रीस्टार्ट’ कर. दुसरी गोष्ट. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाब. एक तक्ता उघडेल. त्यात कोण किती खातंय ते दिसतं. ‘डिस्क’ असं लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मार, म्हणजे सगळ्यात खादाड माणूस वर येईल. त्याचं नाव मला कळव. त्याच तक्त्यात ‘स्टार्टअप’ म्हणून पान आहे. मशीन चालू होताना जे जे आगंतुक उठून बसतात त्यांची ती यादी. भोंग्याचा प्रोग्राम सोडून बाकीचे बंद करून टाक. आणि काहीही पुसू नकोस! तुझ्या रागाचा आणि ‘डिलीट’ बटणाचा मला भरवसा नाही.

चिरंजीवांनी न विचारता अपग्रेड केलं ते चुकलंच. सुरक्षेचं मात्र तो खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या पदरात टाक. घराचं काय ते मला ठाऊक नव्हतं. वहिनीला तू नंतर काही विचारलंस का? पत्रात तसं काही दिसलं नाही.

तुझी,
ठिणगी


१९ जानेवारी

ठिणगे,

चोर सापडला. आणि तो आपल्याच घरातला निघाला.

तुझा तो तक्ता उघडला. सगळ्यात वर, छाताडावर बसल्यासारखं, फोटो साठवायचं काहीतरी. शेजारच्या कोचिंग क्लासच्या बाई आल्या होत्या, त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, अपग्रेड करताना मशीनने खातं मागितलं असणार. माझं खातं कुठलं असायला? चिरंजीवांनी स्वतःचं टाकलं आणि मोकळे झाले. तेव्हापासून त्यांच्या फोनमधले झाडून सगळे फोटो कुठल्याशा ढगातून उतरून माझ्या भोंग्याच्या पोटात पडताहेत. डिस्क ठासून भरली. मी ‘थांबवा’ दाबलं. बाई, काय सांगू! भोंगा पहिल्यासारखा नाही, पण बोलायला लागला.

मग म्हटलं, बघू तरी एवढं काय जड आहे. फोटो उघडले.

त्यात फ्लॅट आहे. रिकामा फ्लॅट, सगळ्या बाजूंनी. न्हाणीघर, त्यात धरायला दांडी. खिडकीखाली तेवढं एक टेबल, भिंतीत प्लग. आणि मग लिफ्ट. लिफ्टमध्ये उभी राहून तुझी वहिनी हसतेय! गेल्या महिन्यात ही बाई मला ‘डोळे तपासून दोन दिवस बहिणीकडे राहते’ असं सांगून गेली होती. डोळे तपासायला लिफ्टमध्ये जावं लागतं का? म्हणजे जेवणाच्या टेबलावर जो लिलाव झाला तो निव्वळ नाटक होतं. माल आधीच विकलेला होता. बाजारात असं करणाऱ्याला मी गेटबाहेर काढला असता.

मी तिला काही बोललो नाही. फोटो बघितल्याचंही सांगितलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चिरंजीवांचा फोन येईल तेव्हा भोंग्यातून असं काही सुनावणार आहे की दोघांची झोप उडेल. वाक्यं टाइप करून तयार ठेवलीत.

तुला खरंच ठाऊक नव्हतं? शपथ घे.

दादा


२६ जानेवारी

दादा,

शपथ कसली घ्यायला लावतोस? नव्हतं ठाऊक. भाच्याला मी फोन करून अशी कानउघाडणी केलीय की तो मला आत्याऐवजी साहेब म्हणायला लागला. बापाच्या तोंडात स्वतःचं खातं कोंबतोस आणि वर म्हणतोस ‘बाबा काही बोलत नाहीत’! लाज वाटायला पाहिजे, असं स्पष्ट सांगितलं.

आता कामाचं. नुसतं ‘थांबवा’ दाबून भागत नाही, थोड्या वेळाने ते आपणहून पुन्हा चालू होतं. स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात ढगाचं लहान चित्र आहे. त्यावर टिचकी मार, मग चक्री दिसते ती दाब, मग ‘सेटिंग्ज’. तिथे ‘फोटो या लॅपटॉपवर ठेवा’ असं लिहिलेलं असेल आणि शेजारी एक कळ. निळी असेल तर चालू, राखाडी असेल तर बंद. राखाडी कर. ती आपणहून परत निळी होत नाही. झालेल्या गर्दीवर खरा उपाय म्हणजे नवी डिस्क. जुनी फिरणारी आहे, नवी न फिरणारी, तिचा वेग वेगळाच. माझ्याकडे एक आहे, ती पाठवते. दुरुस्तीवाल्याकडून बसवून घे.

आणि एक सांगू? वहिनी लिफ्टमध्ये हसतेय, हे तू रागाने लिहिलंस. मी तिला शेवटचं हसताना कधी पाहिलं ते आठवत बसले. आठवलं नाही. त्या रविवारी सुनावण्याआधी तिला एवढंच विचार, त्या लिफ्टमध्ये हसण्यासारखं काय होतं?

ठिणगी


४ फेब्रुवारी

अहो कॉम्प्युटरबाई,

कुठे गेली तुमची विद्या? तू लिहिलंस तस्सं केलं. ढग, चक्री, सेटिंग्ज, कळ राखाडी. शनिवारी रात्री जेवायच्या आधी भोंगा झटपट बोलत होता. रविवारी फोन आला, मी तयार वाक्यावर बोट ठेवलं, आणि चक्र! पुन्हा चक्र! चिरंजीव “बाबा, बोला ना” म्हणून थांबले, मग त्यांना कुणाचा तरी दुसरा फोन आला. तुझी वहिनी म्हणाली, “त्यांचं म्हणणं नंतर सांगते तुला.” माझं म्हणणं ही सांगणार! फोन बंद झाल्यावर भोंगा बोलला. ऐकायला फक्त गळका नळ.

कळ बघितली तर निळी. मी स्वतः राखाडी केलेली. पुन्हा केली. काल पुन्हा निळी. ‘आपणहून होत नाही’ म्हणालीस ना? मग काय घरात भूत आहे?

या घरात कशालाच शिस्त राहिलेली नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीला कोणीतरी हात पुसतं. काळा डाग पडलाय, दरवर्षी रंग दिला तरी पुन्हा उगवतो. शेवटी मी तिथे कागद डकवला: ‘भिंत म्हणजे फडकं नव्हे.’ आवाज नाही म्हणून काय, लिहिता येतं मला.

विचार म्हणालीस ते विचारलं नाही. मी का विचारू? जिने लपवलं तिने सांगावं.

दादा


७ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र मी दुपारी लिहितेय. ते बाजारात गेलेत, पेटाऱ्यावर बसून दुसऱ्यांचे लिलाव ऐकायला.

कळ मी फिरवते. भूत शोधू नका.

तुमचं पत्र त्यांनी टेबलावरच टाकलं होतं. बंद कशी करायची ते तुम्ही इतकं सोपं लिहिलंत की चालू कशी करायची ते मलाही कळलं. ढग, चक्री, सेटिंग्ज. निळी. मला आयुष्यात कोणी इतकं नीट काही शिकवलं नव्हतं.

आता तुम्हाला राग येईल. येऊ दे. माझाही ऐका, तुमच्या भावाचाच किती दिवस ऐकणार?

त्यांचा आवाज गेला तेव्हा मी रडले, खोटं नाही. पण वन्सं, त्या आधी या घरात मी एक वाक्य पुरं केलेलं तुम्हाला आठवतं का? “अहो, माझे गुडघे...” म्हटलं की “बघू!” “या जिन्याचं काहीतरी...” की “अगं, व्यायाम होतो!” माझं वाक्य अर्ध्यात, आणि यांची हातोडी पडलेली. बाजारात मुक्या गिऱ्हाइकाकडेही बघायचे म्हणे. तीनदा विचारायचे म्हणे. हे मी सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकत आलेय, हातात चहाचा ट्रे घेऊन. मला कधी एकदा तरी ‘आणखी कोणी?’ म्हणाले?

तिसरा मजला. दळण, भाजी, त्यांची औषधं, सिलिंडरवाल्याशी भांडण, सगळं मी वर आणते. गुडघ्यावर हात ठेवून, वळणावळणावर थांबून. डॉक्टर म्हणाले, जिना बंद करा. हे मी त्यांना सांगायला गेले तेव्हा ते झेंडूच्या भावाबद्दल बोलत होते. शेवटी मुलाला सांगितलं आणि गुपचूप फ्लॅट बघून आले. त्या लिफ्टमध्ये उभी राहिले, बटण दाबलं, आणि मी वर गेले. हसू आलं. बस्स, एवढंच.

त्या दिवशी टेबलावर चक्र फिरत होतं ते मला दिसत होतं. त्यांनी काय मारलं असणार तेही कळत होतं. म्हणून घाईने म्हणाले, ठरलं ना? आणि वन्सं, कोणी अडवलं नाही! मग ती चटक लागली.

सांगायचं तर सांगा त्यांना. मी काही माफी मागत नाही.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

राग आलाय, तुम्ही म्हणालात तसाच. पण तो आधी दादावर काढते. तुमच्या पत्रातला शब्दन् शब्द खरा आहे, मी त्याच घरात वाढलेय. माझी वाक्यंही त्यानेच पुरी केली. म्हणून तर मी यंत्रांशी बोलायला शिकले. त्याची हजेरी मी घेणार आहे, सोडणार नाही.

आता तुमची पाळी. त्याचा गळा एकदा कापला गेलाय, वहिनी. तो जगावा म्हणून डॉक्टरने कापला. तुम्ही जे करताय ते दुसऱ्यांदा कापणं आहे, आणि ते कशासाठी? गप्प बसवल्यावर मिळालेला होकार घेऊन तुम्ही त्या लिफ्टमध्ये किती दिवस हसणार? तो तिथे रोज तुमच्याकडे बघेल आणि तुम्हाला ते घर खायला उठेल. तुम्हाला जिना नको आहे ना? मग ते त्याच्या तोंडावर बोला. ‘ह्यांची हरकत नाही’ या आडून नको.

नवी डिस्क आजच पाठवली. ती बसली की कळ निळी असो की हिरवी, भोंगा थांबायचा नाही. बसवताना भाच्याचं खातंही काढून टाक, अशी दुरुस्तीवाल्यासाठी सोबत चिठ्ठी घातलीय. म्हणजे तुमच्याकडे थोडेच दिवस आहेत. कळ कोण फिरवतं ते तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि माझी सांगायची पद्धत तुम्हाला माहीत आहे.

तुमची,
वन्सं


९ मार्च

ठिणगे,

तुझी डिस्क मिळाली, तुझी हजेरीही मिळाली. दोन्ही कडक.

लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे ठेवला. “उद्या या” म्हणाला, आणि त्याचा उद्या चांगला आठवडाभर लांबला. तेवढे दिवस मी खराखुरा मुका. तुझ्या वहिनीने नेमकी ती वेळ साधली. पहिल्याच संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “कळ मी फिरवत होते.” मग गुडघे, डॉक्टर, फ्लॅट, लिफ्ट, सगळं. मी टेबलावर हात आपटले, डबा फेकला, पाटीवर ‘विश्वासघात’ असं लिहून तिच्या नाकासमोर धरलं. तिने वाचलं, पुसलं आणि पुढे बोलत राहिली. मला तिचं वाक्य तोडता येईना. सबंध संसारात पहिल्यांदा.

मी तडक उठून जिना उतरलो. बाजारात जाऊन बसलो, कुणाकडे बघितलं नाही. परत येताना रागाच्या भरात दळणाचा डबा मीच उचलला. म्हटलं, बघू काय एवढं मोठं! पहिल्या वळणावर दम लागला. टेकायला भिंतीवर हात ठेवला. हात बरोबर त्या डागावर पडला. ठिणगे, डाग माझ्या खांद्याच्या बराच खाली आहे. माझ्या घरात तेवढ्या उंचीचं एकच माणूस आहे. दुसऱ्या वळणावर तसाच डाग, त्याच उंचीवर. आणि त्याच्या वर माझ्या अक्षरातला कागद. ती रोज तो वाचून वर येत होती, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि काढायला समोर कोणी नव्हतं.

लॅपटॉप आला. काय धावतो गं! झाकण उघडलं की तयार. चिरंजीवांना बोलावून घेतलं. त्यांना सांगितलं, भोंगा आधी बोलेल. ‘हे घर मला सोडायचं नाही. बाजार इथे आहे, माझी माणसं इथे आहेत. मला न विचारता ठरवणं ही लबाडी आहे, आणि ती तुम्ही दोघांनी केली.’ शब्द लगेच आले, माझ्या बोटांच्या मागोमाग. चिरंजीवांची मान खाली. तिची नाही. मी सुनावलं ते तिने पुरतं ऐकून घेतलं.

पुढची वाक्यंही तयार होती. अख्खी यादी. मी ती मारली नाहीत. तिच्याकडे बघून एवढंच टाइप केलं: ‘आणखी कोणी?’

तिला वाटलं असेल, हातोडी पडणारच. मी पुन्हा मारलं. ‘आणखी कोणी?’ चिरंजीव काहीतरी म्हणायला लागले, त्यांना हातानेच थांबवलं. तिसऱ्यांदा मारलं.

ती म्हणाली, “मी आहे. मला जिना नको.”

ठिणगे, हरलो. खालचा फ्लॅट ठरला, पुढच्या महिन्यात सामान हलेल. मी अजून चिडलेलो आहे, बाजाराच्या विचाराने घशाखाली घास जात नाही, आणि चिरंजीवांना मी माफ केलेलं नाही. पण बोली लावून हरलो. माझी ऐकली गेली, तिचीही ऐकली, मग हातोडी पडली. याला लिलाव म्हणतात. आधी झाला तो नव्हे.

नळ दुरुस्त झाला. प्लंबर आधी दारातून विचारून आत आला. जिन्यातला कागद मी काढून टाकलाय. डाग तसाच आहे, रंगवणारा आला तर त्याला परत पाठवायला मी खाली बसतो.

आता घे, आशीर्वाद.

दादा